पुदिन्याच्या वासाचा भुंगेरा

भुंगेऱ्यांतलं माझ्याइतकं आमच्या अख्ख्या जिल्ह्यात कुणाला कळत नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो! आता नेब्रास्कातल्या या जिल्ह्यात भुंगेरे गोळा करणारा दुसरा कुणी नाहीच, हा भाग वेगळा.

मी एल्डन कुचेरा, निवृत्त पोस्टमन. वाळूच्या टेकड्यांत रिकामे डबे पुरायचे, आत पडलेले भुंगेरे उचलायचे आणि टाचणीला लावायचे, हा माझा उद्योग. बायको डोलोरिस बिचारी सगळं सोसते. आमच्या फ्रीजरमध्ये मटारशेजारी मेलेले भुंगेरे असतात. एकदा पाहुण्यांच्या सूपमध्ये काय पडलं, ते आता सांगत बसत नाही.

चाळीस वर्षांत लग्नाचा वाढदिवस मी सव्वीस वेळा विसरलो. गेल्या वर्षी तर त्या दिवशी मी गोठ्यामागे शेणातले किडे मोजत होतो! ती नुसती माझी जेवणाची ताटली झाकून झोपायला गेली. त्याचं मला फार वाईट वाटलं. म्हणून यंदा ठरवलं, हिला असं काही द्यायचं की आयुष्यभराची भरपाई होईल.

आणि एप्रिलमध्ये देव पावला! जुन्या खोक्यात एक विलक्षण भुंगेरा दिसला. अंग कारकुनाचं, डोकं पैलवानाचं! असं डोकं असल्या अंगावर जगात कुठंच नाही. ही नुसती नवी जात नव्हे, अख्खं नवं कूळ! शिवाय भिंग जवळ नेलं तर पुदिन्याचा वास. मरून चार वर्षं झालेला भुंगेरा, आणि वास ताजा! शत्रूला पळवण्यासाठी हा वास कसा उपयोगी पडत असेल, यावर मी तीन पानं लिहिली.

फोटो पाठवले विद्यापीठातल्या डॉ. ऑस्टगार्ड बाईंना. तीस वर्षं त्या भुंगेऱ्यांची कुळं लावताहेत. उलट टपाली उत्तर आलं, "हात लावू नका. मी येते."

मी त्यांना बरोबर वाढदिवसाच्या दुपारी बोलावलं. डोलोरिसला पत्ता लागू दिला नाही. चर्चमधली वीसेक मंडळी बैठकीच्या खोलीत जमली, जर्दाळू भरलेल्या गोड पावांची, म्हणजे कोलाचींची, ताटं आली, कॉफी झाली. मग मी उभा राहिलो.

"मंडळी! या भुंगेऱ्याला मी माझ्या बायकोचं नाव देणार आहे. असं डोकं आणि असं अंग एकत्र कुणी पाहिलेलं नाही!"

टाळ्या! डोलोरिसचा चेहरा पांढराफटक पडला.

"एल्डन, जरा स्वयंपाकघरात ये."

"आत्ता नाही!"

"अरे, महत्त्वाचं आहे."

"आनंदाश्रू मागाहून, डोलोरिस!"

तोवर बाईंनी भुंगेऱ्यावर भिंग धरलं. मग नाक जवळ नेलं. "हा वास माझ्या ओळखीचा आहे."

"कुठल्या कुळातला?" मी अधीर होऊन विचारलं.

"माझ्या आईच्या कवळीतला."

"मीच केलं ते!" डोलोरिस ओरडली. "मार्चमध्ये तुझ्या खोलीत फडकं मारताना त्याचं डोकं पडलं. किती शोधलं, सापडेना. म्हटलं, तुझा जीव जाईल! मग तुझ्या मोडक्या तुकड्यांच्या डबीतलं एक बरंसं डोकं घेतलं आणि तुझ्याच कवळीच्या गोंदानं बसवलं. मला काय माहीत, तू त्याचं कूळ काढशील!"

बाईंनी कोमट पाण्याचा थेंब सोडला. डोकं टपकन सुटलं. मान मात्र माझी खाली गेली. मागे कुणीतरी कॉफीत फिस्सकन हसलं. चाळीस वर्षांतली एकुलती एक मोठी भेट, तीही दोन तुकड्यांत!

पण बाई धडाकडेच बघत होत्या. "अहो, हे धड फार दुर्मीळ आहे! याचे जगात सहाच नमुने आहेत. खरं डोकं कुठाय?"

"मी व्हॅक्यूम फिरवला होता," डोलोरिस पुटपुटली.

"त्यातली धुळीची पिशवी बदललीत?"

डोलोरिसनं चर्चमधल्या मंडळींकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "नाही."

"मार्चपासून?" शेजारची ग्लेंडा गोड आवाजात म्हणाली. "जून संपत आला गं!"

कोलाचींची ताटं बाजूला सरकवून टेबलावर पिशवी उलटी केली. सगळे चिमटे, काटे, चमचे घेऊन बसले. तासाभरात तीन बटणं निघाली, माझ्या कवळीच्या गोंदाचं हरवलेलं टोपणही निघालं. डोकं काही निघालं नाही. माझी आशा संपली, आणि तेवढ्यात बाई किंचाळल्या.

त्यांच्या चिमट्यात मोहरीच्या दाण्याहून लहान, तपकिरी भुंगेरा होता. "असला मी तीस वर्षांत पाहिलेला नाही!"

ऑक्टोबरात विद्यापीठाचं पत्र आलं. नवी जात! खरीखुरी, स्वतःच्या डोक्याची! आणि मी म्हटल्याप्रमाणे नाव डोलोरिसचं. मी पत्र फडकवत बाहेर धावलो. डोलोरिसनं मला घट्ट मिठी मारली. डोळे पुसत चष्मा लावला आणि पुढचं वाचू लागली.

"एल्डन, हे काय? 'ठिकाण: सौ. डोलोरिस कुचेरा यांच्या घरातली तीन महिन्यांची धूळ'?"

"अगं, भुंगेरा कुठं सापडला ते लिहावंच लागतं."

"हे छापणार?"

"जगभर!"

"मग माझं नाव काढ."

"एकदा दिलेलं नाव निघत नाही. शास्त्राचा नियम आहे."

डोलोरिसनं कुंपणापलीकडे कपडे वाळत घालणाऱ्या ग्लेंडाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"नाव राहू दे माझं. पत्ता तरी हिचा घाल!"