भिंतीवरचं प्रतिरूप

कारंजा गावात हायवेलगतच्या एका चर्चच्या भिंतीवर लोक लघवी करत. बिशप येणार असल्यामुळे कमिटीने ही बाब अखेर गांभीर्याने घेतली. चौकीदार बाबारावांनी ती कधीचीच घेतली होती, कारण रोज सकाळी भिंत त्यांनाच धुवावी लागे.

"समोरच्या दुकानवाल्यानं देवाच्या टाइल्स लावल्या," बाबाराव म्हणाले. "त्याची भिंत कोरडी ठणठणीत हाय. आपणही लावा न."

"आपल्यात देवाचं चित्र पुजत नाईत," अध्यक्ष वासुदेवराव म्हणाले.

चर्चच्या पाळकसाहेबांनी बायबलमधून शास्त्राधार काढला. देवाने माणूस आपल्या प्रतिरूपात घडवला. तेव्हा कुठल्याही माणसाचा फोटो लावला, तरी तत्त्वतः काम तेच होतं. ठराव टाळ्यांत मंजूर झाला. फोटो कोणाचा, असा प्रश्न निघताच सगळे सभासद एकदम नम्र झाले. टाइलवर बाबाराव छापले गेले.

दुसऱ्या दिवशी बाकी भिंत बऱ्यापैकी कोरडी होती. लोकांना नेम धरायला जागा मिळाली होती. स्वतःचं तोंड फिनाइलने धुताना बाबारावांना आधी राग आला, मग लाज वाटली. करणारे दुसरेच, मग लाज आपल्याला काऊन, हे काही त्यांना कळेना.

कमिटीने चौकशी केली. निष्कर्ष असा निघाला की माणूस ही देवाची प्रत, आणि फोटो ही त्या प्रतीची झेरॉक्स. झेरॉक्सचा मान कोण ठेवणार? सबब पहिली प्रतच भिंतीला लावण्यात यावी. बाबारावांना एक स्टूल मंजूर झालं.

संध्याकाळी एक कार थांबली. इस्त्रीच्या शर्टातले गृहस्थ उतरले आणि चेन उघडता उघडता थबकले.

"काकाजी, थोडं सरकून बसता का? तुमच्यावर उडन."

"मी देवाचं प्रतिरूप हाओ," बाबाराव सांगितल्याप्रमाणे म्हणाले.

"म्हणून तं इचारून राह्यलो. नाई तं इचारलं असतं काय?"

बाबाराव स्टुलासकट सरकले. पुढचा आला, ते आणखी सरकले.

बिशपसाहेबांना अहवाल सादर झाला: 'देवाच्या प्रतिरूपावर आता कोणीही लघवी करत नाही. त्याला आदरपूर्वक बाजूला केलं जातं.' साहेबांनी समाधान व्यक्त केलं. भिंत अजून बाबारावच धुतात.

परवा तुमचीही गाडी तिथे थांबली होती. तुम्ही शिकलेले. तुम्ही त्यांना 'प्लीज' म्हणालात.