खालचा नंबर वाजतो का

कॅलेंडरचं पान उलटण्याआधी जुन्या पानाचा फोटो काढणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी सहा वर्षं पाहिला, माझ्याच शेजारच्या खुर्चीवर. म्हात्रेकाका. केस कापायला जाण्याआधी ते स्वतःचाही फोटो काढायचे, पुढून एक, मागून एक. डोक्यावर केस मोजून पन्नास. "न्हाव्यानं बिघडवलं तर त्याला दाखवाला नको, आधी कसं होतं?" आम्ही हसायचो. ते हसायचे नाहीत.

आमचं ऑफिस कोपरखैरण्यात, हार्डवेअरच्या दुकानाच्या वर. आम्ही चार जण आणि एक सर. काम लोकांच्या वेबसाइट सांभाळायचं. दातांचे डॉक्टर, क्लासेस, लग्नाचे हॉल, ज्यांना वेबसाइट हवी असते पण तिच्याकडे ढुंकून बघायचं नसतं अशी माणसं आमची गिऱ्हाइकं.

वेबसाइटची थीम म्हणजे तिचे कपडे. रंग, अक्षरं, कुठे काय दिसायचं ते सगळं. थीम बनवणारी कंपनी अधूनमधून नवी थीम पाठवते. ती चढवली नाही तर चोरांना आत शिरायला जागा राहते. घाईने चढवली तर आपण जुन्या कपड्यांवर हाताने केलेलं टाके-रफू सगळं जातं. एक बटण दाबायचं असतं. मी ते दाबून चहाला जायचो. म्हात्रेकाकांना त्याला दोन दिवस लागायचे.

आधी ते अख्ख्या साइटची कॉपी करायचे. मग ती कॉपी दुसरीकडे उघडून बघायचे, कारण "उघडून बगितल्याशिवाय तो बॅकअप नाय, नुसती समजूत हाय." मग नवी थीम आधी त्या कॉपीवर चढवायची, आणि जुनी पानं कागदावर छापून स्क्रीनशेजारी धरून ओळ न ओळ ताडून बघायची. मग खरी साइट. तीसुद्धा मंगळवारी सकाळी दहालाच. शुक्रवारी मोडलं तर दोन दिवस मोडकीच राहते, हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलंय की मला आजही शुक्रवारी काही नवं करायला भीती वाटते. आणि सगळ्यात शेवटी पानाच्या तळाला जो फोन नंबर असतो तो ऑफिसच्या फोनवरून लावायचा. वाजला, कोणी "हॅलो" म्हटलं, की ठेवून द्यायचा. "खालचा नंबर वाजतो. झालं काम."

सर वैतागायचे. "काका, जग कुठे चाललंय बघा जरा."

"जाऊं दे. परत कसा येनार ते सांगा."

हे त्यांचं पेटंट वाक्य. ऑफिसातलं टेबल सरकवायचं असो, नवा चहावाला लावायचा असो, काका विचारणारच, परत कसा येनार? मला तर डोकं उठायचं. माझ्या डोक्यात त्या वयात प्रमोशन होतं.

त्यांच्या यादीत एक खानावळ होती, बोनकोड्यातली. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, खाडीची मासळी. पानाच्या डोक्यावर एका म्हातारीचा फोटो, चुलीपुढे बसून भाकरी थापणारी. हा फोटो काकांनी फार पूर्वी, काम शिकत असताना, थेट थीमच्या फाइलमध्येच घातला होता. हे चूक. थीम बदलली की फाइल बदलते आणि फोटो उडतो. आता तो सुरक्षित जागी हलवणं दहा मिनिटांचं काम, हे मला सांगणारे काकाच. पण स्वतः करायचे नाहीत. "तिला तिथून हलवाची नाय," एवढंच बोलायचे. दर वेळी नवी थीम चढवायची आणि मग फोटो हाताने परत जागेवर बसवायचा. म्हटलं, आहे वेडेपणा.

मग काका गावच्या जत्रेला रजेवर गेले आणि सर म्हणाले, "तू करून टाक रे सगळ्यांचं." वार शुक्रवार. मी काकांच्या यादीतल्या सगळ्या साइट वीस मिनिटांत उरकल्या. वर सरांना जाऊन सांगितलंही, वीस मिनिटं लागली म्हणून. ते सांगताना मला किती बरं वाटलं होतं ते आठवलं की आता स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दुपारी फोन आला. खानावळवाला. "कोन बोलतं? आई कुठं गेली माझी?"

मी साइट उघडली. म्हातारीच्या जागी काचेच्या वाडग्यात हिरवा पालापाचोळा होता, थीमवाल्या कंपनीने दिलेला.

काकांना फोन लावला. मला वाटलं शिव्या घालतील. तासाभरात ते नावड्याहून स्कूटरवर आले, अंगावर जत्रेचा नवा शर्ट, कपाळाला गुलाल. तसेच खुर्चीवर बसले. कपाटातून आपल्या जुन्या कॉपीची डिस्क काढली आणि म्हातारी दहा मिनिटांत परत चुलीपुढे बसली. मग त्यांनी खालचा नंबर लावला. "हॅलो, हॅलो" असा आवाज मलाही ऐकू आला. काकांनी डोळे मिटून तो ऐकला आणि फोन ठेवला.

"बोलला का नाहीत? सांगायचं ना, आई आली परत."

"माझी पन आई हाय ती," काका म्हणाले.

त्या दिवशी मला कळलं. खानावळवाला त्यांचा धाकटा भाऊ. बोनकोड्यातलं घर पाडून चार मजली बिल्डिंग बांधायचं ठरलं तेव्हा दोघांनी सही केली, आणि आईला तोवर भाड्याच्या खोलीत हलवली. तिथे चूल नव्हती. ती रोज विचारायची, घरी कधी जायाचं. बिल्डिंग पुरी व्हायच्या आत ती गेली. तेराव्याला भाऊ दादाला म्हणाला, तू सही केलीस. दादा भावाला म्हणाला, तू घाई केलीस. बास. नऊ वर्षं शब्द नाही. काका नावड्याला राहायला गेले, बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही.

"घर पाडताना कोनीच नाय इचारलं, परत कसा येनार," काका म्हणाले. "मी पन नाय."

पुढच्या महिन्यात सरांनी थीम आपोआप बदलण्याची सोय लावली आणि काकांना म्हणाले, आता आराम करा. वीस मिनिटांचा दाखला माझाच दिला, माझ्यासमोर. मी मान खाली घालून मोबाइल बघत बसलो. काकांनी जाताना रिकाम्या टेबलाचा फोटो काढला.

मी एकच केलं. खानावळीची साइट त्या आपोआपच्या यादीतून काढली. पुढच्या मंगळवारी दहाला बसलो. कॉपी केली, उघडून बघितली, थीम चढवली, म्हातारीला जागेवर बसवलं. मग ऑफिसच्या फोनवरून खालचा नंबर लावला.

"हॅलो."

काकांसारखा ठेवून देणार, इतक्यात तिकडून आवाज आला, हळू, शेजारी कोणी ऐकू नये असा.

"दादा, जेवलास का?"

मी फोन ठेवला. हा मुका फोन कोणाचा, ते त्याला माहीत होतं. किती वर्षं विचारत होता कोण जाणे.

लगेच काकांना फोन केला, सगळं सांगितलं.

"तुम्हाला विचारायचा तो असं?"

"हां. दर वेलेला."

मला राग आला, खरंच आला. म्हटलं, "मग बोला की काका. तोंड उघडा एकदा. काय अडलंय?"

"बोललो, आनि पुन्ना बिगडलं तर? आता निदान इचारतो तरी. परत कसा येनार ते सांग मना."

मी स्क्रीनवरच्या म्हातारीकडे बघितलं.

"बाला," ते म्हणाले, "तू फोन करत जा मंगलवारी."

म्हणून मी करतो. नवी थीम येवो न येवो, महिन्यातला एक मंगळवार. भाऊ विचारतो, मी ठेवतो. हे बरोबर नाही हे मला कळतं, आणि दर वेळी ठरवतो की आज त्याला खरं सांगून टाकू. धीर होत नाही. मग काकांना मेसेज टाकतो, नंबर वाजतो.

त्यांचं उत्तर लगेच येतं, जणू मोबाइल हातात धरूनच बसलेले असतात. एकच शब्द. "जेवलो."