मांडणी क्रमांक चौदा आणि सरसाचा वास

सस्तन प्राण्यांचा मेंदू हे एक शिस्तबद्ध कार्यालय आहे. डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं, हातांना लागलेलं असं जे जे बाहेरून येतं, ते आधी मेंदूच्या मध्यभागी असलेल्या आवक खिडकीवर थांबतं. तिथे त्याची छाननी होते आणि मग ते योग्य त्या विभागाकडे रवाना होतं. या नियमाला एकच अपवाद आहे, तो म्हणजे वास. वास खिडकीवर थांबत नाही. साहेबांच्या मेहुण्यासारखा तो मागच्या दाराने थेट आत शिरतो आणि जिथे भीती, माया आणि जुन्या आठवणी बसलेल्या असतात, त्याच खोलीत जाऊन खुर्ची ओढतो.

निसर्गाने ही बेशिस्त का खपवून घेतली, याचा खुलासा उपलब्ध नाही. आमच्या कार्यालयाने मात्र ती मोडून काढण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला. (बैठकांची इतिवृत्तं लिहिण्याचं काम माझ्याकडे आहे, त्यामुळे या हकिकतीत अतिशयोक्ती नाही. अतिशयोक्तीला वरिष्ठांची मंजुरी लागते.)

आमचं कार्यालय बांधकाम परवान्यांचं. तळमजल्यावर अभिलेख कक्ष, म्हणजे जुन्या फायलींची खोली. तिथे बावीस लोखंडी मांडण्या आणि एक तात्या. फायलींची मूळ सूची वाळवीने खाल्ली होती. नवी सूची करण्याचं काम अकरा वर्षं चालू होतं आणि ते ‘क’पर्यंत समाधानकारकरीत्या पोचलं होतं. मधल्या काळात फायली तात्या नाकाने शोधत. एका काळात कागद पिठाच्या खळीने चिकटवत, त्या फायलींना आंबूस वास. पुढे डिंक आला, त्याचा वास वेगळा. एक हेडक्लार्क सहा वर्षं तपकीर ओढत होते, ती सहा वर्षं उघडली की आजही शिंक येते. तात्या मांडण्यांमधून सावकाश चालत, मध्येच थांबत आणि हात घालत. शंभरातल्या त्र्याण्णव फायली पाव तासात सापडत. उरलेल्या सात साहेबांच्या टेबलावर असत.

अशात नवे साहेब आले. पहिल्याच दिवशी त्यांनी रुमाल नाकाला लावला आणि ‘सुगंधी कार्यालय अभियान’ जाहीर केलं. रीतसर सर्वेक्षण झालं. तीनशे बारा अभ्यागतांपैकी दोनशे नऊ जणांनी इथे कुबट वास येतो असं सांगितलं, नव्वद जणांनी काम होणार असेल तर वासाला हरकत नाही असं सांगितलं आणि तेरा जण रांगेतला नंबर जाईल म्हणून काहीच बोलले नाहीत. त्यावरून भिंतीवर एक यंत्र बसलं. दर दहा मिनिटांनी ते ‘फुस्स’ करून लिंबाचा वास सोडी. त्या लिंबाचा झाडावरच्या लिंबाशी काही संबंध नव्हता, पण साहेबांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

तात्यांचं नाक चोंदलं. दिवसाला सरासरी चाळीस शिंका. फायली सापडण्याचं प्रमाण त्र्याण्णववरून चारवर आलं (त्यातल्या दोन डोक्यावर पडल्या म्हणून सापडल्या). तात्यांनी तक्रार केली तेव्हा साहेब म्हणाले, “तात्या, काम नाकाने करायचं नसतं, पद्धतीने करायचं असतं.” हे वाक्य मी इतिवृत्तात घेतलं आणि खाली रेघ मारली.

त्याच आठवड्यात एक शिवणकाम करणाऱ्या बाई आल्या. त्यांच्या हातात आमचीच नोटीस होती. घराच्या मागच्या बाजूची खोली विनापरवाना असून पंधरा दिवसांत पाडण्यात येईल. त्यातले अकरा दिवस त्या या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवल्या गेल्या होत्या. त्या खोलीत त्यांची दोन शिवणयंत्रं होती आणि म्हाताऱ्या आईची खाट होती.

“खोली माझ्या वडिलांनी बांधली,” बाई म्हणाल्या. “सुतार होते ते. नकाशा मंजूर करून घेतला होता, मी लहान असताना त्यांच्याबरोबर इथे आले होते. आमची प्रत नळ फुटला तेव्हा भिजून गेली. पण तुमच्याकडे असेलच की!”

“असेल ना,” तात्या शिंकत म्हणाले. “आमच्याकडे सगळं असतं. ते कुठे असतं तेवढंच विचारू नका.”

बाई हसल्या नाहीत. तात्या वरमले. मग त्यांनी विचारलं, “ताई, वडिलांच्या हातांना कसला वास यायचा?”

“काय?”

“वास हो. माणसाच्या हातचा कागद माणसासारखा वास देतो. माझं नाक सध्या रजेवर आहे. तुमचं चालेल.”

बाईंनी डोळे मिटले. कपाळाला आठ्या पडल्या. मग त्यांचा चेहरा उतरला. “नाही हो आठवत. चेहरा आठवतो, आवाज आठवतो. त्यांना जाऊन सव्वीस वर्षं झाली. वास नाही आठवत.”

“आठवायचा नसतोच तो,” तात्या म्हणाले. “हाक मारून येत नाही. समोर आला की ओळखायचा. उद्या सकाळी या.”

त्या संध्याकाळी यंत्र बंद पडलं. ‘उंदराने वायर कुरतडली’ अशी नोंद तात्यांनी स्वतःच्या अक्षरात केली. (उंदराचा जबाब घेण्यात आलेला नाही.) मग त्यांनी कक्षाच्या चारही खिडक्या उघडल्या. त्यातली एक बसवल्यापासून प्रथमच उघडत होती.

सकाळी बाई आल्या. मीही खाली गेलो, कारण घटना घडत असेल तर तिचं इतिवृत्त लागतं. बाई पहिल्या मांडणीपासून निघाल्या. तात्या मागे, मी त्यांच्या मागे. सुरुवातीला त्या संकोचून वास घेत होत्या, लोकांच्या घरी पातेल्यात डोकावल्यासारख्या. सात झाल्या, दहा झाल्या, तेरा झाल्या. काही नाही. “उगाच तुमचा वेळ घेतला,” असं म्हणत त्या चौदाव्या मांडणीपाशी वळल्या आणि मधेच थांबल्या.

“बाबा,” त्या म्हणाल्या.

मोठ्याने नाही. कोणी खोलीत आल्यावर आपण म्हणतो तसं. मग त्या तिथेच फरशीवर बसल्या आणि बोलू लागल्या. सरस. सुतारांचा सरस, चुलीवर डब्यात शिजवायचा, घरभर घाण वास सुटायचा, आई ओरडायची. डबा धरायचं काम लहानग्या बाईंचं होतं. वडील म्हणायचे, ‘हलवू नकोस गं, सांडेल.’ हे वाक्य त्यांना सव्वीस वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं.

तात्यांनी खालच्या खणात हात घातला. चौथी फाईल. नकाशाचे दोन तुकडे मधे जोडलेले, जोडावर तपकिरी, काचेसारखा कडक सरस. सुताराचा सरकारी खळीवर विश्वास नव्हता.

“ताई, हे बघा, मंजुरीचा शिक्का आहे!”

“थांबा हो जरा,” बाई म्हणाल्या. त्यांनी कागद वाचला नाही. नाकाशी धरून त्या बराच वेळ बसून राहिल्या. तात्या खिडकीतून बाहेर बघत राहिले. इतिवृत्तात मी ‘कागदपत्रांची पडताळणी चालू’ एवढंच लिहिलं.

दुसऱ्याच दिवशी नोटीस ‘अनवधानाने’ या शब्दासह मागे घेतली गेली. खोली तशीच उभी राहिली, आईची खाट हलली नाही. बाईंनी मूळ नकाशा मागितला, तो नियमानुसार देता येत नाही. म्हणून तात्यांनी त्यांना दर महिन्याला फाईल ‘पाहण्याची’ परवानगी लिहून दिली. हेतूच्या रकान्यात ‘निरीक्षण’ असं आहे.

साहेब नाराज होतील असं आम्हाला वाटलं होतं. पण ते मोठे अधिकारी आहेत. यंत्राने बंद राहून मोलाचं सहकार्य केलं, असं त्यांनी अहवालात नमूद केलं आणि नाकाला अधिकृत दर्जा दिला. नमुना घ-१ निघाला: जुनी फाईल हवी असल्यास अर्जदाराने स्वतःचं नाक सोबत आणावं, सर्दी असल्यास वैद्यकीय दाखला जोडावा.

कर्मचाऱ्यांनाही प्रशिक्षण सुरू झालं. पहिला प्रश्न सोपा होता: आपल्या घराला कोणता वास येतो? चौतीस कर्मचाऱ्यांनी उत्तर लिहिलं. चौतीसही जणांनी ‘निरंक’ लिहिलं. साहेबांनी पडताळणीसाठी तीन जणांची समिती घरोघर पाठवली. समितीला एकाही घरी निरंक आढळलं नाही. साहेबांच्या घरी ओल्या कुत्र्याचा वास नोंदवला गेला (साहेबांकडे कुत्रा नाही). माझ्या घराबद्दल समितीने जे लिहिलं आहे, त्याविरुद्ध मी अपील केलं आहे.

तात्यांना विचारलं तर म्हणाले, “यात खोटं कुणीच बोललं नाही. रोज तोच वास आला की मेंदू त्याची नोंद घेणंच बंद करतो. घरच्यांना येत नाही. येतो तो फक्त पाहुण्यांना.”

आपण हे वाचून आमच्या कार्यालयाला हसत असाल, तर अवश्य हसा. आपलं घर स्वच्छ आहे आणि त्याला कसलाही वास नाही, याची आपल्याला पूर्ण खात्री आहे, हे आम्ही नोंदवून घेतलं आहे. फक्त पुढच्या वेळी पाहुणे आले की एवढं बघा: आत आल्या आल्या ते “वा, हवेशीर आहे हो घर” म्हणतात आणि कुठली खुर्ची मोकळी आहे हे न बघता सरळ खिडकीजवळ जाऊन बसतात.