सासूबाईंनी झाडलेला वाफा

भूगोलाच्या मास्तरांनी उभी हयात मुलांना माती शिकवण्यात घालवली होती. तिला हात लावायचा तेवढा राहून गेला होता. यंदा त्यांनी स्टाफरूममध्ये जाहीर केलं, की या हंगामात आपल्या घरी वांगी-टोमॅटो विकत येणार नाहीत, उलट आपल्याकडून सगळ्यांच्या घरी जातील. घरी बायको हे ऐकून फक्त "बरं" म्हणाली.

कृती सोपी होती. परसातली माती खणायची, तिच्यावर वाळक्या पानांचा जाड थर, त्यावर कंपोस्ट, वरून पाणी. पानं कुजून माती लोण्यासारखी झाली की रोपं लावायची. मास्तर रस्त्याकडेची पानं पोत्यात भरून आणू लागले. रविवारी वाफा असा सजला, की मास्तरांना स्वतःच त्यावर आडवं व्हावंसं वाटलं.

सोमवारी वाफा नव्हता. लख्ख झाडलेली जमीन होती, आणि कंपोस्टचं पिंप साबणाने घासून उन्हात पालथं घातलेलं होतं. शेजारी झाडू घेऊन सासूबाई उभ्या होत्या. त्या आदल्या संध्याकाळीच मुक्कामाला आल्या होत्या.

मास्तर तोंड उघडणार, तोच त्या म्हणाल्या, "जावईबापू, माझं चुकलं. मी तुम्हाला आळशी समजत होते. काल येताना गाडीतून बघितलं, भर रस्त्यात वाकून पानं वेचत होतात. एवढी स्वच्छतेची हौस! आणि लोक मेले तुमच्याच परसात कचरा टाकतात."

लग्न झाल्यापासून सासूबाईंकडून आलेला हा पहिलाच बरा शब्द. मास्तरांनी तोंड मिटलं.

रात्री त्यांनी बायकोला गळ घातली, की तूच सांग. ती म्हणाली, "मी नाही. आई सगळ्यांना फोन करून सांगतेय, थोरला जावई म्हणजे हिरा. धाकट्याला तुमचं उदाहरण देतेय."

धाकटा म्हणजे बंगलेवाला. मास्तरांना त्या रात्री छान झोप लागली.

पण वाफाही हवा होता. ते संध्याकाळी गुपचूप पानं पसरत, सासूबाई पहाटे झाडून टाकत. शेवटी सासूबाईंनी कचरा टाकणारा शोधून काढला: शेजारचे वकील. भिंतीवरून त्यांच्या सगळ्या खानदानाचा उद्धार झाला. याच वकिलांकडून मास्तरांनी दोन पोती पानं मागून नेली होती. वकिलांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर ढगांचा प्रकार ओळखण्यात गुंतले.

आता उपाय एकच, सासूबाई जाईपर्यंत थांबणं. त्या निघायच्या आदल्या दिवशी मास्तर परीक्षेची ड्युटी संपवून, येताना रोपं घेऊन घरी आले. परसात गवंडी हातपाय धूत होता. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फरशी.

"माझ्याकडून," सासूबाई म्हणाल्या. "आता तुमची पाठ वाकायला नको. धाकटा अशा फरशीसाठी कधीचा मागे लागला होता, त्याला नाही दिली."

मास्तरांनी रोपं पाठीमागे धरली आणि छान झाल्याचं सांगितलं.

काम खरंच चोख होतं. सासूबाई आत गेल्यावर त्यांनी तांब्याभर पाणी ओतून पाहिलं. थेंबभरही मुरलं नाही.