साबण कोणाक व्हयो?

आमच्या मामंजींच्या दुकानात साबणाची वडी घ्यायला शिरलेल्या माणसाची एसटी हमखास चुकायची. दुकान कोकणात, कसालच्या नाक्यावर, एसटी समोर उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आणि मामंजी वडीवर पंजा ठेवून साबण कोणाला हवा ते विचारतायत, "कोणाक व्हयो?"

मामंजी म्हणजे माझे सासरे, गावचे बाबलशेट. समोरच्या माणसाची सगळी चौकशी झाल्याशिवाय फळीवरची वस्तू खाली यायची नाही. "माणूस कळल्याशिवाय माल काय देतलंय?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

एकदा वरच्या वाडीतली पार्वती आली. तिच्या लेकीला बघायला पाहुणे यायचे होते.

"बाबलशेट, तो गुलाबी साबण दी."

"कोणाक?"

"चेडवाक. बघूक पाव्हणे येतले."

"मगे ह्यो नको. ह्या वासान तिका शिंको येतत. तिच्या आवशीक पण येयत."

"तिची आवस मीच मां!" मुलीची आई उसळली.

"मगे तुका ठावक नाय?" असं म्हणून मामंजींनी वडी परत फळीवर ठेवली.

गिऱ्हाइकांची इतकी खबर डोक्यात साठली होती की तिच्यामुळे विक्रीच होईना. एकीला साखर नाकारली, कारण तिचे पाव्हणे परवाच परत गेलेले त्यांना ठाऊक. एकाला तंबाखू नाही, कारण त्याचा खोकला. माझा नातू पुण्यात कंपनीत आहे. तो म्हणतो, आजी, आमच्याकडे गिऱ्हाइकांची इतकी माहिती जमलीय की तिचं करायचं काय ते कळेना. मी म्हटलं, तुझे खापरपणजोबा नव्हे, नुसते पणजोबाच या दुखण्याने बेजार होते.

मी तेव्हा नवी सून. कोल्हापूरची आणि मॅट्रिक पास! विहिरीवरून पाणी आणतानासुद्धा मॅट्रिकला शोभेल अशी कळशी धरायची. कळशी गळकी होती, हे मला सोडून सगळ्या वाडीला दिसत होतं.

त्याच सुमाराला समोर दत्तूशेटने नवं दुकान टाकलं. तो काही विचारत नसे. पैसे घ्यायचा, माल द्यायचा. आमची गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून तिकडे जाऊ लागली. एका रात्री जेवताना आमच्या ह्यांनी सांगून टाकलं, "चतुर्थीपर्यंत गिऱ्हाईक परत आलं नाही, तर जागा भाड्याने देऊया. बाबा बसतील घरात." मामंजी हात धुऊन दुकानात गेले आणि लखलखीत असलेला तराजू पुन्हा घासत बसले.

मी पदर खोचला. तोवर आयुष्यात मी चिमूटभर मीठसुद्धा विकलं नव्हतं, त्यामुळे दुकान कसं चालवायचं ते मला उत्तम ठाऊक होतं.

"मामंजी, गिऱ्हाइकाची लागेल तेवढीच माहिती घ्यायची. काय हवं, किती हवं. बाकीची टाकून द्यायची."

"टाकतलंय खंय?" त्यांनी अगदी मनापासून विचारलं. "डोक्यात आसा ती!"

दुसऱ्या दिवसापासून मी गल्ल्याशेजारी पाट टाकला आणि शेराचं वजन हातात घेतलं. हे दोन सोडून तिसरा प्रश्न तोंडातून निघाला की मी वजन फळकुटावर आपटणार.

"काय गो, तुझो झील मुंबयसून—"

ठण्! मुलगा मुंबईतच राहिला.

"—किती व्हया?"

पहिले काही दिवस मामंजी खांद्यावरचा पंचा तोंडात धरून बसत. एका म्हातारीने तर कपाळाला हात लावून पाहिला. "बाबलशेटाक बरा नाय काय गो?" पण एसटीची माणसं खूश. माल पटापट खाली येऊ लागला, समोरची गिऱ्हाइकं परतली. चतुर्थीला तर पायरीवर उभं राहायला जागा नव्हती. भाड्याचा विषय ह्यांनी पुन्हा काढला नाही. मी अशी फुगले, की आता कसालचा सगळा बाजारच सुधारायला घ्यावा असं मला वाटू लागलं.

मग एकदा दिवेलागणीला दत्तूशेटच्या दुकानातून मामंजी रस्ता ओलांडून येताना दिसले. हातात काड्यापेटी.

"मामंजी, आपल्याकडच्या काड्यापेट्या संपल्या?"

"नाय गो, आसत." ते पायरीवर टेकले. "बघूक गेल्लंय. थंय माका कोण काय इचारता काय."

"मग?"

"काय नाय. पैसे घेतल्यान, पेटी दिल्यान. बरो माणूस."

मला हसू आलं. त्यांना आलं नाही.

"तुझी सासू," ते म्हणाले. माझ्या सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेल्या. मी त्यांना पाहिलेलं नाही. "पायांनी अधू झाल्ली. खाटीवरच आसायची. दुकान बंद करून आत गेलंय की इचारी, आज कोण कोण इला? मी सांगी, साबण खपलो. तर रागान बघी. म्हणी, माका साबण नको, माणूस सांगा." काड्यापेटी त्यांनी या हातातून त्या हातात घेतली. "तेवापासून इचारूक लागलंय. तिका सांगूक काय तरी व्हया मां."

मीच विचारलं, "आज कोण कोण आलं होतं?"

त्यांनी बोटं मोजायला घेतली. "आज? साबण तीन. खोबरेल दोन. गूळ..." ते थांबले. "माणूस नाय आठवत, गो."

मॅट्रिकच्या अभ्यासक्रमात हे नव्हतं.

सकाळी दुकान उघडलं. एक बाई टोपली उतरवत म्हणाली, "चायची पावडर दी."

"किती?" मामंजींनी मुकाट्याने डबा ओढला.

मी माझ्या मोडक्यातोडक्या मालवणीत विचारलं, "घराक पाव्हणे इले काय गो?"

मामंजींचा हात डब्यात तसाच राहिला. ती म्हणाली, "पाव्हणे खंयचे? चेडू इलासा. बाळंतपणाक."

मामंजींनी माझ्याकडे पाहिलं. मी तांदूळ निवडायचं निमित्त करून आत गेले. मागून त्यांचा आवाज आला, "कितवा गो? बस, बस अशी. उभ्यान काय सांगतंस?"

संध्याकाळी मी पायरीवर जाऊन बसले, आणि मामंजी सांगू लागले. बाळंतिणीचा नवरा, त्याची नोकरी, तिची भांडकुदळ जाऊ. आत चुलीवर भात करपल्याचा वास येत होता. मी उठले नाही. जावेचं भांडण अजून मिटायचं होतं.