डावीकडून गेलेला बाण

बापूंच्या टेबलावर कॉम्प्युटरचा दुसरा पडदा बसवून कॉम्प्युटरवाला निघून गेला आणि बापूंचा माउस त्यांचं ऐकेनासा झाला.

बापू बस कंपनीच्या कचेरीत वेळापत्रकं तयार करत. एका पडद्यावर जुनं वेळापत्रक, दुसऱ्यावर नवं, म्हणजे काम झरझर होईल, ही साहेबांची कल्पना. साहेबांच्या कल्पना नेहमीच चांगल्या असत. निस्तरायचं काम तेवढं दुसऱ्यांकडे असे. जुना पडदा समोर होता, नवा त्याच्या उजव्या हाताला. म्हणजे बाण नव्या पडद्यावर न्यायचा तर माउस उजवीकडे सरकवायचा, यात न कळण्यासारखं काय आहे? बापूंनी सरकवला. बाण कडेला थडकला आणि तिथेच अडून बसला. वैतागून त्यांनी तो डावीकडे ढकलला, तर तो डावीकडून गडप झाला आणि उजवीकडच्या पडद्याच्या पार उजव्या टोकातून बाहेर आला, जणू मागच्या गल्लीतून वळसा घालून आला होता.

"अहो, हा बघा कुठून उगवला!" बापू ओरडले.

शेजारच्या टेबलावरचा हिशेबनीस ताबडतोब उठून आला. सल्ला देण्यात त्याचा हात धरणारं कचेरीत कुणी नव्हतं. त्याने बाण दोनदा फिरवून पाहिला.

"बापू, याची समजूत झालीय की दुसरा पडदा डावीकडे आहे."

"पण तो उजवीकडे आहे ना!"

"ते तुम्हाला दिसतंय. त्याला कोण सांगणार?"

बापूंनी कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. "बाण उलटा जातोय का? बरं, तक्रार लिहून घेतली, बघतो," एवढं बोलून त्याने फोन ठेवला. आता हा कधी बघणार, ते देव जाणे!

"मग आपणच पडदा उचलून डावीकडे ठेवू," हिशेबनीस म्हणाला. "त्याचं म्हणणं खरं करून टाकायचं. यंत्राशी वाद कशाला?"

बापूंनी पटकन पडदा धरला. कारण डावीकडे खिडकी होती.

ही खिडकी काय चीज होती ते सांगायला हवं. कचेरीत ती एकच. आधीचे मोठे कारकून निवृत्त झाले आणि गेल्याच महिन्यात ती बापूंच्या वाट्याला आली. समोरच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर, बापूंच्या बायकोचा शिवणवर्ग होता. चहाच्या सुट्टीत ती तिकडच्या खिडकीत यायची, बापू इकडच्या. बापू कप उंचावायचे, मग ती उंचावायची. घरी दोघांचं बोलणं दूध आणि वीजबिलापलीकडे जात नसे. पण हे कप उंचावणं सुरू झाल्यापासून बापू रोज इस्त्रीचा शर्ट घालून कचेरीत येऊ लागले होते. आता हे चारचौघांत सांगणार कसं? या वयात!

"डावीकडे नको हो," एवढंच ते म्हणाले.

"का नको?"

"नको म्हणजे... उजेड."

"बघू तरी!" म्हणत हिशेबनिसाने पडदा उचलून डावीकडे ठेवलासुद्धा. बाण सुतासारखा सरळ झाला. डावीकडे ढकलला की डावीकडे. पण मागच्या खिडकीतून ऊन असं डोळ्यांत येत होतं, की पडद्यावरची एक बस दिसेल तर शपथ.

"उजेडाचं बरोबर बोललात बापू तुम्ही," हिशेबनीस म्हणाला. "टेबल आतल्या भिंतीला घेऊ. तात्पुरतं."

आतल्या भिंतीला फायलींचं कपाट होतं. ते हलवायचं, तर जागा फक्त कोपऱ्यात, आणि कोपऱ्यात आवक-जावकच्या बाई बसत. दिवसभर टपाल फोडायचं आणि नोंदवायचं, हे त्यांचं काम. त्यांना कॉम्प्युटर लागत नव्हता आणि कुणाचं काही अडत नव्हतं.

"मी कुठे जाऊ मग?" बाईंनी विचारलं.

सगळ्यांनी खोलीभर पाहिलं. मोकळी जागा एकच उरली होती.

"खिडकीशी बसा की," हिशेबनीस म्हणाला. "तात्पुरतं हो!"

कपाट ढकलताना बापूंचा इस्त्रीचा शर्ट काखेत उसवला. बाईंचं टेबल खिडकीशी लागलं, त्यावर डिंकाची बाटली आली, कात्री आली, मागाहून पाठीला लावायची उशीही आली. उशी पाहून बापूंच्या तोंडचं पाणी पळालं. तात्पुरतं बसणारा माणूस उशी कशाला आणेल?

तेवढ्यात साहेब आले. "वा! बाईंना उजेड मिळाला. हे आधीच का नाही सुचलं कुणाला?"

"तात्पुरतं आहे, साहेब," बापू घाईने म्हणाले. साहेबांना ते ऐकू आलं नसावं.

बापू खाली बसले आणि पाहतात तर काय, हात न लावता बाण आपोआप पडद्यावर फिरतोय! त्याने एक चौकट उघडली. तिच्यात एक आणि दोन आकड्यांचे दोन डबे होते. बाणाने दोनाचा डबा पकडला, एकाच्या डावीकडून उचलून उजवीकडे ठेवला आणि चौकट मिटली. लगेच फोन वाजला.

"बापू, इथूनच केलं बरं का," कॉम्प्युटरवाला म्हणाला. "आता उजवीकडे जाईल बाण."

बापूंनी डावीकडच्या पडद्याकडे बाण ढकलला. थडकला! बापूंना आनंदाने रडू यायचंच बाकी राहिलं.

"साहेब, बाण आता उजवीकडे जातोय! म्हणजे पडदा उजवीकडे हवा, म्हणजे टेबल पुन्हा खिडकीशी! चला, कपाट धरा!"

"थांबा, थांबा," साहेबांनी फोन हातात घेतला. "काय हो, हे पुन्हा डावीकडे करायला किती वेळ लागेल?"

"वेळ कसला साहेब? डबा उचलायचा, ठेवायचा. हे बघा, झालं."

बाण निमूटपणे डावीकडे गेला.

"एवढंच होतं?" साहेब म्हणाले. "मग कपाट कशाला हलवायचं? असू दे आता असंच, कायमचं."

बापूंनी कपाटावरचा हात काढून घेतला. हिशेबनीस मात्र त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "बघा, सुटला की नाही प्रश्न!"

चहा आला. बाई कप घेऊन खिडकीशी उभ्या राहिल्या.

"अय्या, समोरच्या खिडकीत एक बाई कप उंचावतायत! किती गोड!" बाईंनीही हौसेने कप उंचावला आणि वर हात हलवला. "अहो, गेल्याच की हो लगेच आत."

बापूंचा मोबाइल वाजला.

"तुमच्या खिडकीत ती कोण?" बायकोने विचारलं.

"अगं, आवक-जावकच्या बाई त्या."

"आणि तुम्ही कुठे आहात?"

"मी भिंतीशी."

"का?"

बापूंनी एकदा या पडद्याकडे पाहिलं, एकदा त्या. उसवलेली काख दाबून धरली.

"हे बघ, नीट ऐक हं," ते हळू आवाजात म्हणाले. "बाण जायला हवा होता उजवीकडे, पण तो गेला डावीकडून..."



"तुम्ही आधी घरी या," ती म्हणाली.