रकान्यातला ‘नाय’

गायकवाडांनी एकदा एका ग्रामसेवकाकडे अडीच बैलांचा लेखी खुलासा मागितला होता.

गोष्ट सत्तरच्या पुढेमागे घडलेली. कर्जतच्या एका सरकारी कचेरीत आमची टेबलं शेजारी-शेजारी होती. कुठली कचेरी ते सांगत नाही. तिथली माणसं अजून पेन्शन घेताहेत. गावोगावचे छापील तक्ते यायचे. बैल, कोंबड्या, नांगर, विहिरी, आंब्याची झाडं. ते आकडे आम्ही मोठ्या तक्त्यावर उतरवायचे, उभी बेरीज करायची, आडवी करायची, आणि दोन्ही जुळल्या की तक्ता जिल्ह्याला पाठवायचा. सगळं तोंडानं पुटपुटत. दुपारी तीनच्या सुमाराला आकडे कागदावरून मुंग्यांसारखे चालायला लागायचे. मी वर्षभरातच थकलो होतो. गायकवाड तिथे अठरा वर्षं होते.

तर एका तक्त्यात ‘बैल’ या रकान्यात लिहिलं होतं, अडीच. दुसऱ्या कुणीही दोन केले असते, फार तर तीन. गायकवाडांनी पत्र धाडलं. पंधरा दिवसांनी खुद्द शेतकरीच दारात उभा.

“सायेब, येक बैल दोगा भावांत हाय. नांगराला माज्याकडं, गाडीला त्याच्याकडं.”

गायकवाडांचा चेहरा उजळला. “म्हणजे बरोबरच लिहिलंय!” आणि लगेच पडला. “भावानं किती लिहिलेत?”

भावानं तो बैल अख्खा लिहिला होता. तालुक्यात अर्धा बैल जास्त झाला होता. ती सगळी बेरीज आम्ही परत केली. आम्ही म्हणजे मी.

गायकवाड बुटके, काळेसावळे, डोक्यावर बारीक कापलेले पांढरे केस, खिशाला लाल पेन्सील. आकड्याच्या जागी आकडा नसला की त्या पेन्सिलीनं एक गोल पडायचा. असे गोल रोज पडायचे, कारण लोक काहीही लिहीत. कोंबड्या : पळतात. झाडे : मोप. विहिरी : तीस हात. एका भल्या गृहस्थानं तर तक्त्याच्या पहिल्याच ओळीत ‘वरीलप्रमाणे’ असं लिहून खाली सही ठोकली होती. मी हसायचो. गायकवाड हसत नसत. म्हणत, “भोईर, हा आकडा नव्हे, हा निरोप आहे. कुणीतरी काहीतरी सांगतोय. नीट वाच.”

रिकाम्या रकान्यावरून त्यांचं आणि हेडक्लार्कचं दर महिन्याला वाजायचं. हेडक्लार्क म्हणायचे, “शून्य टाका आणि बेरीज मारा हो.” गायकवाड जागेवरून उठून उभे राहत. “शून्य म्हणजे गेलो, बघितलं, काही नव्हतं. इथे कुणी गेलेलंच नाही साहेब. न गेल्याचं शून्य मी लिहिणार नाही.” मग ते खाली बसत, आणि रकाना रिकामा ठेवून समासात बारीक अक्षरात लिहीत : माहिती आली नाही.

कचेरीबाहेरही माणूस तसाच. “दोन-तीन चहा पाठव रे,” असं कुणी म्हटलं की ते विचारणार, दोन का तीन? माझ्या लग्नाची पत्रिका दिली तेव्हा “तुम्ही सगळे या,” असं म्हणालो. “आमच्याकडे सगळे म्हणजे मी,” ते म्हणाले, आणि पत्रिका घडी घालून खिशात ठेवली. लग्नाला आले, अक्षता टाकल्या, आणि जेवणाआधी निघून गेले. गडबडीत कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

एका वर्षी पाण्याचा तक्ता निघाला. ज्या वाड्यांची घरं लांबून पाणी आणतात, त्यांना हातपंप मिळायचे होते. रकाना असा : पाणी लांबून आणणारी घरे, संख्या. शनिवारी यादी जिल्ह्याला जायची. शुक्रवारी गायकवाडांच्या हातात कोंढेवाडीचा कागद आला. त्या रकान्यात लिहिलं होतं, नाय.

“शून्य,” हेडक्लार्क म्हणाले. “स्वच्छ आहे. लांबून आणणारी घरे नाय.”

“काय नाय साहेब?” गायकवाडांनी विचारलं. “घरं नाय, पाणी नाय, का आपला माणूस गेलाच नाय?”

“गायकवाड, उद्या कागद गेला पाहिजे.”

“शून्य टाकलं तर वाडी यादीतून उडते.”

“आणि नाही टाकलं तर अख्ख्या तालुक्याची यादी अडते. मला शनिवारी सही हवी.”

शनिवारी गायकवाडांनी सही केली नाही. कचेरीचे मोठे साहेब दौऱ्यावर होते, त्यांच्या जागी सही करणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून यादी सोमवारपर्यंत राहिली. संध्याकाळी दप्तर बांधताना गायकवाड मला म्हणाले, “उद्या रविवार आहे. मी कोंढेवाडीला जातो. तू घरी झोप.” झोप या शब्दानंच मला लाज वाटली, आणि मी गेलो.

एसटी जिथे सोडते तिथून दीड तासाची चाल. मे महिना. डोंगराच्या पायथ्यापर्यंत येता येता माझा घसा कोरडा पडला. वाडीच्या तोंडाशीच एक म्हातारी भेटली, डोक्यावर हांडा. गायकवाडांनी विचारलं, “मावशी, पाणी कुठून आणलंस?”

“तकडून, वड्यातून. झरा खरवडायचा नि वाटीवाटीनं भरायचं. तू कोन रं?”

“कर्जतहून आलोय. तुमची घरं मोजायला.”

“मोज बाबा. पर माजं नगं मोजू, मी येकटीच हाय.”

“एकटीचं घरही घरच,” गायकवाड म्हणाले, आणि वहीत पहिलं तिचं घर लिहिलं.

दारोदार फिरलो. तेवीस घरं, आणि तेवीसही घरं त्याच ओढ्यावर. ‘नाय’चा उलगडाही झाला. ग्रामसेवक वाडीवर आलाच नव्हता. वाडीतला एकजण त्याला बाजारात भेटला. “पाणी हाय का?” “नाय.” संपलं. ते त्यानं इमानानं लिहिलं, फक्त चुकीच्या रकान्यात.

सोमवारी कागदावर तेवीस लिहून गायकवाडांनी सही केली. यादी दोन दिवस उशिरा गेली म्हणून त्यांना मेमो मिळाला. त्यांनी तो वाचला, त्यातली तारीख चुकलेली दाखवली, आणि दुरुस्त करून घेऊन मग पोच दिली. हेडक्लार्क पुढे कित्येक दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत.

पंप यायला दीड वर्ष लागलं. बसवला तेव्हा बरेच मोठे लोक गेले होते. आम्हाला कुणी बोलावलं नाही. मग एका रविवारी आम्ही दोघंच गेलो. बायका हांडे लावून उभ्या होत्या. ती म्हातारीही होती. गायकवाडांनी चपला काढल्या, दांडा धरला आणि तिचा हांडा भरायला लागले. हांडा भरला, वाहायला लागला, तरी हात थांबेना.

“आरं बास की रं बाबा,” म्हातारी ओरडली, “भरला कवाचा!”

परतताना फाट्यावर गाडीची वाट बघत बसलो होतो. घामानं त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. कुणी काही विचारलेलं नसताना ते बोलायला लागले.

“माझी आई नदीवरनं पाणी आणायची. दरड उतरून. एका पावसाळ्यात घसरली, कंबर गेली. दोन वर्षं अंथरुणावर होती. मग गेली.”

“गावात विहीर नव्हती?”

“होती की. तुडुंब भरलेली. आम्हाला शिवू देत नसत.” ते रस्त्याकडे बघत होते. “नोकरीला लागल्यावर मी आमच्या गावचा त्या सालचा कागद दप्तरातून शोधून काढला. पिण्याच्या पाण्याच्या विहिरी, एक. अक्षर सुंदर, खाडाखोड नाही. बेरीज बरोबर. लाल पेन्सील कुठे लावायची रे त्याला?”

लोधिवलीत, माझ्या गावी, आमची स्वतःची विहीर आहे. ती आमच्याच अंगणात आहे आणि तिच्यावर कोण यायचं, कोण नाही, हे मी लहानपणापासून बघितलं होतं. मोजलं मात्र कधी नव्हतं.

लोधिवलीच्या वाटेची, चौक गावाकडे जाणारी माझी गाडी आली. मी उठलो नाही. ती गेली. मग कर्जतची आली, तिच्यात मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.

“तुझं घर तिकडे ना?”

“आज तुमच्याकडे येतो.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. शेजारी-शेजारी सहा वर्षं काढली, पण त्यांची खोली मी पाहिली नव्हती. मुद्दाम असं काही नाही. पण ‘नाही’ असं तरी कसं म्हणू? कचेरीतल्या कुणीच पाहिली नव्हती. ते तरी कुणाला बोलावतील? माझ्याच लग्नातून ते न जेवता गेले होते, आणि मी विचारलंसुद्धा नव्हतं.

स्टेशनामागच्या चाळीत एक खोली. बुद्धाची तसबीर, एक खाट, स्टोव्ह, कोपऱ्यात माठ. त्यांनी मला खाटेवर बसवलं. फळीवर एकच फुलपात्र होतं. ते एक क्षण तिथेच उभे राहिले, मग खाली बसून खाटेखालची ट्रंक ओढली, कपड्यांच्या तळातून जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं दुसरं काढलं. लख्ख, कधी न वापरलेलं. दोनदा विसळलं. माठातलं पाणी भरलं आणि माझ्यापुढे धरलं.

मी घेतलं. सगळं प्यालो.

“आणखी देऊ?” त्यांनी विचारलं.

मी फुलपात्र पुढे केलं.